ओतीव लोखंडावरची तारीख

माझ्या पिशवीत फार काही नसतं.
एक टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा,
आणि जुन्या मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक,
रंगाला ओरखडा नको म्हणून.

पॉन्टिअॅक, मिशिगन. जानेवारी, उणे अकरा.
वॉन्डा गोर्स्कींनी शेडचं दार खांद्यानं सरकवलं.
"मुलाला आकडा हवाय," म्हणाल्या.
"थॅडियस फिनिक्सला असतो.
तिकडे बर्फ नाही, घाई आहे."

सदुसष्टची जीटीओ.
ब्रेक सोडला तशी उतारानं आपली आपण
उजेडात आली, बॅटरी मेलेली असूनही.
ताडपत्री ओढली. एकावर एक रचलेले दिवे
माझ्याकडे बघेनात,
उधारीवाल्याकडे दुकानदार बघत नाही तसे.

मी गुडघ्यांवर बसलो.
(या वयात बसणं फुकट, उठण्याचे पैसे पडतात.)
दाराला चुंबक चिकटलं. मडगार्डला चिकटलं.
मागच्या चाकापाशी सुटून बर्फात पडलं:
पत्रा संपून पुट्टी सुरू झाली होती.
"तिथं मी फावडं मारलं होतं," त्या म्हणाल्या. "रागानं.
कशाचा राग, ते आता आठवत नाही."
मी लिहिलं: डावी मागची बाजू, भरणा. वजा नऊशे.

मागच्या सीटखाली, स्प्रिंगांमध्ये,
कारखान्याचा कागद सापडतो कधी कधी.
सापडला. एक कोपरा उंदरांनी नेलेला,
उरलेल्यात रंग: गर्द हिरवा.
गाडी तर समोर तांबडी. वजा.
पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये म्हणतात.
मी तिला बाहेर काढत होतो,
शेपटीकडून.

मग बॉनेट.
काजळी पुसली, आरसा तिरका धरला.
ओतीव लोखंडावर उठलेली तारीख:
एकाहत्तर.
देह सदुसष्टचा, काळीज चार वर्षांनी धाकटं.

अशा वेळी मी खोकतो.
लोकांना त्या खोकल्याचा अर्थ लवकर कळतो.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.
"पंचाहत्तरचा फेब्रुवारी. लाइन बंद, कॅझ घरी.
मूळचं इंजिन टोलिडोच्या एका दंतवैद्यानं नेलं.
मला सांगितलं, दुरुस्तीला गेलंय.
परत आलं ते भंगारातलं, कुठल्याशा कॅटालिनाचं.
मी बटाटे सोलत होते. त्यानं किल्ली फिरवली
आणि मला कळलं,
हा घोगरेपणा आपल्या घरचा नाही.
त्या महिन्याचा घराचा हप्ता भरला गेला.
पुढं चाळीस उन्हाळे, दर रविवारी,
शेजाऱ्यांना बॉनेट उघडून दाखवायचा:
सगळं कारखान्यातलं!
मी सगळ्यांना लिंबू सरबत द्यायचे.
त्यालाही."

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे.
इंजिन मूळचं: होय, नाही.
तिसरा चौकोन कुणी छापलेला नाही.
दुसऱ्यावर खूण केली. पेन गोठलं होतं,
पुन्हा करावी लागली.

आकडा सांगितला.
थॅडियसच्या मनातल्याच्या निम्म्याहून जरा वर.
इथं लोक भांडतात, रडतात,
पलीकडच्या गावातला दुसरा माणूस बोलावतात,
जो न खोकता जास्त सांगतो.
वॉन्डाबाईंनी कागद उजेडात धरला,
चष्म्याशिवाय वाचला, दोनदा.
"बरं झालं," म्हणाल्या.
"एवढ्यासाठी तो विमानाचं तिकीट काढायचा नाही."

आता गाडी परत आत ढकलायची होती.
चढ. त्या एका अंगाला, मी दुसऱ्या.
सोळाशे किलो. मी हे शेकडो तक्त्यांवर
न बघता लिहिलंय.
खांद्याला आज कळलं.

उंबऱ्याच्या अलीकडे त्या हात वर करून म्हणाल्या,
"थांबा जरा. इथं तो नेहमी दम घ्यायचा."
थांबलो.
गाडी मागं सरकायला लागली तशी मी
चाकाखाली पिशवी सारली,
चुंबक, आरसा, सगळ्यासकट.